साडेपाचची बस

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी इकॉनॉमिक्सच्या नोटीस बोर्डावर शॉर्टेज लिस्ट लागली. म्हणजे ज्यांची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेलीय आणि ज्यांना परीक्षेला बसता येणार नाही, अशांची यादी. अकरा नावं होती. तिसरं नाव येळ्ळूरच्या रूपालीचं.

रूपालीनं यादी दोनदा वाचली. एम. ए.ला आल्यापासून ती एकदा आजारीसुद्धा पडली नव्हती. सकाळी आईला भाकऱ्या थापून देऊन, सव्वासातची सिटी बस, मग स्टँडवरून दुसरी बस असं करत ती पावणेदहाला डिपार्टमेंटच्या पायरीवर हजर असे. बऱ्याचदा शिपायाच्याही आधी. पण परतीचं गणित तिच्या हातात नव्हतं. युनिव्हर्सिटी बेळगाव शहरापासून अठरा किलोमीटर लांब, हायवेच्या कडेला, डोंगराला टेकून. निपाणीकडून येणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या गेटसमोरून धुरळा उडवत जायच्या. थांबायची एकही नाही. थांबणारी साधी गाडी चार दहाला, आणि तिच्यानंतरची थेट सातला. सातची धरली तर येळ्ळूरच्या घरात पाय ठेवायला नऊ वाजायचे. आणि राजेश्वरी मॅडमचा तास होता साडेचार ते साडेपाच.

खेड्यावरच्या पोरी चार वाजले की पुस्तकं पिशवीत घालायच्या. मॅडम वर्गात यायच्या तेव्हा निम्मे बाक रिकामे असायचे. त्यांना वाटायचं, या मुलांना शिकायचंच नाही. मुलींना वाटायचं, मॅडमना सगळं ठाऊक असणार. जून-जुलैपासून दोन्हीकडून कुणी काही बोललं नव्हतं आणि त्याची शेवटी ही यादी झाली.

"अकरातली नऊ नावं पोरींची," शेजारी उभी असलेली ऋतिका म्हणाली. ऋतिका वडगावची. घरात चार पॉवरलूम, त्यामुळे लहानपणापासून मागाच्या खडखडाटात बोलायची सवय, आणि म्हणून तिचं हळू बोलणंही कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. "आणि नऊच्या नऊ चार दहाच्या गाडीतल्या."

"चल," रूपाली म्हणाली. "गुरुवारी नागेंद्रकडं जाऊ."

नागेंद्र हा समता विद्यार्थी मंचाचा सेक्रेटरी. मंचाची एकूण मालमत्ता म्हणजे एक चादर, एक हलगी आणि सात सभासद. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या झाडाखाली चादर अंथरायची आणि एखादं पान मोठ्यानं वाचून त्यावर भांडायचं, हा त्यांचा कार्यक्रम. कधी गिरणी कामगारांचा संप, कधी सहकारी संस्था, कधी शिक्षणावरचा एखादा सरकारी अहवाल. रूपाली पहिल्यांदा गेली ती समाजवाद कळावा म्हणून अजिबात नाही. चादरीवर भुईमुगाच्या शेंगा असायच्या म्हणून. पण मग एका गुरुवारी नागेंद्र म्हणाला की जे सगळ्यांना लागतं ते कसं वाटायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, एवढाच आहे समाजवाद, बाकी मोठी मोठी पुस्तकं नंतर. रूपालीला ते पटलं. त्यांच्या गावच्या पाणी सोडायच्या पाळ्यांवरून होणारी भांडणं तिनं पाहिलेली होती.

नागेंद्र हुक्केरीकडचा, घरात कानडी. मराठी तो मंचात शिकला होता आणि जोमानं बोलायचा. स्त्रीलिंग आणि पुल्लिंग यांत मात्र तो फरक करत नसे.

"बसचा अर्ज मी सहा वेळा दिला," त्या गुरुवारी चादरीवर यादीचं ऐकून तो म्हणाला. "आता माझा तोंड बघितला की तो बस स्टँडवरचा साहेब खुर्ची फिरवतो. रास्ता रोको करूया. हायवे बंद. दहा मिनिटात बस येतो बघ."

चादरीवरच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी हलगीवर टिचकी मारली.

रूपाली शेंग फोडता फोडता थांबली. "हायवेवर अडकणार कोण?" तिनं विचारलं. "निपाणीच्या दवाखान्यात निघालेली बाई. शिफ्टला निघालेले कामगार. त्यांनी आपलं काय वाकडं केलंय? आणि गाडी अडवायची तर आधी गाडी हवी ना."

"मग काय करायचा?"

रूपालीला काही सुचलेलं नव्हतं. पण सगळे तिच्याकडं बघू लागले तसं बोलता बोलताच तिच्या डोक्यात ते तयार झालं. "आपला तास चुकतो, कारण बस आपल्याला स्टँडवर घेऊन जाते. मग तासच स्टँडवर न्यायचा. मॅडमना म्हणायचं, चार दहाच्या गाडीत आमच्याबरोबर बसा आणि फलाटावर शिकवा. बसवाल्यांच्या डोळ्यांसमोर. बघू दे त्यांना, त्यांच्या टाइमटेबलामुळं कोण काय सोडून येतं ते."

मग ऋतिका हसायला लागली आणि तिच्या हसण्यानं कँटीनवाला मागच्या दारातून डोकावला.

"हे बेस्ट आहे," नागेंद्र म्हणाला. "आणि भाषण तू करायची. कानडीत."

"मी का? तू कर की."

"बस मला चुकत नाही. मी हॉस्टेलमध्ये राहतो. ज्याचा पाय दुखतो तो बोलणार. मंचाची नियम आहे."

असा काही नियम नव्हता. त्यानं तो तिथल्या तिथं केला होता. पण तो चांगला होता, त्यामुळे रूपालीला नाही म्हणता येईना. कानडी तिला समजायची सगळी. शाळेत होती, बाजारात होती, टीव्हीवर होती. बोलताना मात्र जीभ अडायची. आणि त्यामागं जिभेपेक्षा घर जास्त होतं.

आधी मॅडम. राजेश्वरी मॅडम धारवाडच्या, पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि त्याहून कडक नजर. रूपाली आणि ऋतिका त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांना बसची सगळी हकीकत सांगितली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हे जूनमध्ये का सांगितलं नाही?"

ऋतिकानं रूपालीला कोपरानं ढोसलं.

"मी समजत होते, तुम्ही सिनेमाला जाता."

"येळ्ळूरला थिएटर नाही, मॅडम," रूपाली म्हणाली.

मॅडमच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तो त्यांनी लगेच जागेवर आणला. "मोर्चा, घोषणा असल्या गोष्टींत मी येत नाही. कुणी माझ्या हातात झेंडा दिला तर मी तो परत देईन." त्यांनी डायरी उघडली. "पण तास मी विद्यार्थी असतील तिथं घेईन. पुढच्या गुरुवारी चालेल? पुढचा धडा कामाच्या तासांवरचा आहे. फळा तुम्ही आणा."

रविवारी रताळी काढायची होती. रूपालीचे वडील नागोजी, म्हणजे आप्पा, उद्यमबागेत एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरणारे मोल्डर होते. आठवडाभर तिथं आणि रविवारी शेतात. आई शालूबाई पुढं वेल कापत चालली होती, आप्पा कुदळीनं सरी फोडत होते आणि रूपाली मागून रताळी झाडून बुट्टीत टाकत होती. हात कामात असले तरी तोंडात भाषण होतं.

आता आप्पांचं सांगायचं तर, शहाऐंशीच्या सीमा आंदोलनात ते वीस वर्षांचे होते आणि आठ दिवस हिंडलग्याच्या जेलात राहून आले होते. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, आजही दंडाला काळी फीत बांधून ते फेरीला जायचे. दारावरची पाटी मराठीत, बैलांना हाका मराठीत. घरात कानडी बातम्या लागल्या की ते उठून अंगणात जायचे. त्यांच्या पोरीनं भर बेळगावच्या स्टँडवर कानडीत भाषण ठोकायचं, हे त्यांना कसं सांगायचं, या विचारानं रूपाली तीन दिवस गप्प होती.

"काय पुटपुटायल्यास?" सरीच्या टोकाला कुदळ टेकवत आप्पा म्हणाले.

"काय न्हाय, आप्पा."

"ती कानडीत भाषन करणार हाय," पुढून शालूबाई म्हणाली. मागे वळूनसुद्धा न बघता. "स्टँडवर. बेस्तरवारी. बसपायी. दोन दिस झालं न्हाणीत बी तेच चाललंय, मला पाठ झालं."

रूपालीनं बुट्टीत डोकं घातलं. आप्पांनी टॉवेलनं मान पुसली. बांधावरून जाऊन त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, ती निम्मी संपवली, परत आले.

"म्हण बघू," ते म्हणाले.

"काय?"

"भाषन. म्हण."

रूपालीनं बिचकत ‘आम्ही विद्यार्थी’पासून सुरुवात केली. "नमस्कार. नावु विद्यार्थीगलू..."

"गलू न्हवं गं. गळु. विद्यार्थिगळु. ळ नीट म्हण, आपल्याकडं बी हाय की तो." आप्पांनी कुदळ बाजूला टाकली. "आनि घोषणा काय हाय?"

"बेके बेकु, बस्सु बेकु."

"म्हंजे हवीच हवी, बस हवी. बरी हाय. पर तू ‘बेकु’वर जोर देत्यास. जोर पयल्या ‘बेके’वर द्यायचा, मग लोकं मागनं उचलत्यात. असं." आणि आप्पांनी रताळ्याच्या सरीत उभं राहून, मूठ वर करून, घोषणा दिली. पलीकडच्या शेतातला माणूस उठून उभा राहिला.

रूपाली बघतच राहिली. शालूबाईही आता वळली होती.

"तुमास्नी कुठनं येतंय हे?" शालूबाईनं विचारलं.

"फाउंड्रीत संप झालतो न्हवं का, रूपाली व्हायच्या आदी. चोवीस दिस बसलतो गेटावर." आप्पा पुन्हा खाली वाकून रताळी उचलू लागले. "निम्मी मानसं आपली, निम्मी गोकाक-बैलहोंगलची. मराठीत घोषणा दिली की निम्मं गेट गप्प. कानडीत दिली की ऱ्हायलेलं निम्मं गप्प. मालकाला लई बरं वाटायचं. मग काय, आमी त्यांची शिकलो, त्यांनी आमची. मग दणक्यात चाललं."

"मला कधी सांगितलं न्हाईसा," शालूबाई म्हणाली.

"तू कधी इचारलंस?"

रूपालीला राहवलं नाही. "आप्पा, मग काळी फीत?"

"ती बांधणारच की. ते भांडण सरकारशी हाय, त्या गोकाकच्या मानसाशी न्हाय." त्यांनी माती झाडून एक मोठं रताळं तिच्या बुट्टीत टाकलं. "म्हण, पुन्हा पयल्यापास्नं."

त्या दिवशी दुपारपर्यंत पाच बुट्ट्या रताळी निघाली आणि भाषण चौदा वेळा झालं.

गुरुवारी चार दहाच्या गाडीचा कंडक्टर गोंधळून गेला. नेहमीच्या पोरी होत्याच, पण त्यांच्याबरोबर हॉस्टेलची मुलं, एक फळा, एक हलगी आणि पुढच्या सीटवर मांडीवर पर्स ठेवून ताठ बसलेल्या एक मॅडम. पोरींना त्यानं, बायकांना प्रवास फुकट म्हणून, नेहमीसारखी शून्याची तिकिटं फाडून दिली. फळ्याचं काय करायचं ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं फळा ड्रायव्हरच्या मागं उभा करायला लावला आणि पुढं गेला.

पाच वाजता सात नंबरच्या फलाटावर वर्ग भरला. ऋतिकानं घरून सहावारी कापडाचा एक पीस आणला होता, विणताना काठ चुकलेला म्हणून विक्रीला न गेलेला. त्यावर एका बाजूनं मराठीत आणि उलट्या बाजूनं कानडीत लिहिलं होतं: आमचा तास चुकतो, आम्हाला साडेपाचची बस द्या. कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून मंचात मंगळवारी दीड तास वाद झाला होता, तो ऋतिकानं कापड उलटं करून संपवला. तीसेक मुलं फरशीवर बसली, फळा खांबाला टेकला आणि राजेश्वरी मॅडमनी हजेरी घेतली. जूननंतर पहिल्यांदा सगळ्यांनी "यस मॅडम" म्हटलं. मॅडमनी डायरीवरून एकदा वर बघितलं, मग चष्मा पुसला.

धडा होता आठ तासांच्या दिवसाचा. पूर्वी गिरण्यांत चौदा-पंधरा तास काम कसं चालायचं, आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी ही मागणी कुठून आली, ती मिळवायला किती वर्षं लागली, हे मॅडम कानडीत सांगू लागल्या; मधेच इंग्रजीत, आणि फलाटावरच्या बायका ऐकतायत म्हटल्यावर मोडक्या मराठीतही. भाजीच्या बुट्ट्या घेऊन बसलेल्या दोघी जवळ सरकल्या. कुली आले. एका ड्रायव्हरनं गाडी लावली आणि उतरून तिथंच उभा राहिला.

गर्दी बघून कंट्रोलर बाहेर आले. यल्लाप्पा त्यांचं नाव. खाकी शर्ट, कानावर पेन, गळ्यात शिट्टी. ते शिट्टी तोंडात धरूनच आले होते, पण मॅडमना बघून ती त्यांनी काढली. फलाटावर शिक्षकाला शिट्टी मारायची कशी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

"हे काय चाललंय?" त्यांनी कानडीत विचारलं.

"तास," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीही बसा. आपण किती तास ड्यूटी करता?"

यल्लाप्पा गडबडले. "मी? तेरा. जोडीदाराची जागा रिकामी आहे दोन वर्षं."

मॅडमनी फळ्यावर तेराचा आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. "हे बघा," त्या वर्गाकडं वळून म्हणाल्या, "धडा अजून चालू आहे." फलाट हसला. यल्लाप्पाही हसले आणि खरंच बाकाच्या टोकाला टेकले.

तास संपल्यावर नागेंद्रनं हलगीवर थाप मारली आणि रूपाली उभी राहिली. तोवर वरच्या मजल्यावरचे साहेबही खाली आले होते. नागेंद्रला बघून त्यांनी सवयीनं मान फिरवली आणि मग समोर दुसरंच कुणी उभं आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"नमस्कार. नावु विद्यार्थिगळु," रूपाली म्हणाली. ळ नीट आला. तिनं सगळं सांगितलं: चार दहाची गाडी, सातची गाडी, नऊ वाजता घर, यादीतली अकरा नावं. फलाट ऐकत होता. आता शेवटची मागणी. एक्स्प्रेस गाड्या आमच्या गेटला थांबवा, असं तिला म्हणायचं होतं. ती जोरात म्हणाली, "बस्सु निल्लिसी."

बस थांबवा. पण कानडीत त्याचा दुसराही अर्थ होतो, बस बंद करा. साहेबांनी भुवया वर केल्या.

"बस बंद करायची? ते लगेच होईल. चार दहाची उद्यापासून बंद करतो."

फलाटावर हशा पिकला. भाजीवाल्या हसल्या, कुली हसले, तिच्या वर्गातलेही हसले. पुढचा शब्द कुठं गेला ते रूपालीला सापडेना; चौदा वेळा म्हटलेलं भाषण पुसून गेल्यासारखं झालं होतं.

आणि उसाच्या रसाच्या गाड्याकडून आवाज आला, "बेके बेकु..."

जोर बरोबर पहिल्या शब्दावर होता. रूपालीनं वळून बघितलं नाही. तिला गरजच नव्हती. सगळ्या फलाटानं पुढचं उचललं, "बस्सु बेकु." पुन्हा तो आवाज, पुन्हा फलाट. तिसऱ्या वेळेला भाजीवाल्याही म्हणत होत्या. एवढ्यात रूपालीला शब्द सापडला.

"अल्ली निल्लिसी," ती म्हणाली. "तिथं, आमच्या गेटला थांबवा, साहेब. बंद करू नका, ती एकच आहे."

आता साहेबही मोकळेपणानं हसले. पण मान मात्र त्यांनी नकारार्थी हलवली. "एक्स्प्रेस मला थांबवता येत नाही. तो निर्णय वरचा. आणि नवी गाडी घालायची तर गाडी नाही, ड्रायव्हर नाही."

इथं सगळं अडायचं, तसं ते प्रत्येक अर्जानंतर अडत आलं होतं. पण ऋतिकाचा आवाज आला, "मग ती रिकामी गाडी कुठली?"

"कुठली रिकामी?"

"सव्वापाचला गेटसमोरून रोज एक गाडी शहराकडं जाते. पाटी काढलेली, आत माणूस नाही. चार दहाची चुकली की आम्ही तिला हात करतो, थांबत नाही."

साहेबांनी यल्लाप्पांकडं बघितलं. यल्लाप्पांनी कानावरचं पेन काढलं आणि थेट फळ्याकडं गेले. मॅडमनी त्यांना खडू दिला. डोंगरामागच्या गावाला माणसं सोडून डेपोला परत येणारी ती गाडी होती. ड्रायव्हर-कंडक्टरची ड्यूटी सहाला संपते, म्हणून ती रिकामी पळते. यल्लाप्पांनी वेळा लिहिल्या, वर्गानं त्या खोडल्या, परत लिहिल्या. गाडी त्या गावातून पंधरा मिनिटं उशिरा निघाली तर गेटला साडेपाचला येते आणि स्टँडवर सव्वासहाला. म्हणजे क्रूची ड्यूटी पंधरा मिनिटांनी लांबते. मघाचा ड्रायव्हर अजून तिथंच उभा होता, तो म्हणाला, आत्ताच आठ तासांचा धडा ऐकवलात आणि आता पंधरा मिनिटं वाढवता? त्यावर पुन्हा हशा. मग रूपालीनंच विचारलं, दुपारी ती गाडी जाताना किती वाजता सुटते? सुटायची वेळ पंधरा मिनिटांनी पुढं नेली तर? यल्लाप्पा विचारात पडले. त्या फेरीला दुपारी फारसं कुणी नसतं, ते म्हणाले. मग खडू खाली ठेवून साहेबांना म्हणाले, "होतं, सर. बसतं."

साहेबांनी फळ्याचा मोबाइलवर फोटो काढला. "एक महिना ट्रायल," ते म्हणाले. "माणसं बसली तर चालू ठेवू." आणि जाता जाता नागेंद्रला म्हणाले, "तुझ्या सहा अर्जांत ही रिकामी गाडी का नव्हती?"

"मला ती दिसला नाही, सर," नागेंद्र मराठीत म्हणाला.

रूपाली रसाच्या गाड्याजवळ गेली. आप्पा फाउंड्रीच्या दोन सोबत्यांबरोबर उभे होते. हातात ग्लास, कपड्यांवर काळी वाळू.

"तुमी कशाला आलासा?"

"शिफ्ट सुटली. रस प्यायला आलतो."

"आनि घोषणा कोण दिली?"

आप्पांनी रस संपवला. "कोनतरी दिली. म्या नुसतं मागनं म्हटलं," ते म्हणाले. त्यांचा गोकाकचा सोबती इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढच्या सोमवारी पहिली साडेपाचची बस गेटला लागली. पाटी लावलेली, दिवे लावलेले, यायला सात मिनिटं उशीर. बत्तीस जण चढले. त्या दिवशी मॅडमचा तास पूर्ण झाला होता आणि रूपालीनं पहिल्यांदाच पाचनंतरच्या मॅडम पाहिल्या होत्या. पाचनंतर त्या खडू ठेवून द्यायच्या, टेबलाला टेकून उभ्या राहायच्या आणि उलट प्रश्न विचारायच्या. पुस्तकात नसलेले, ज्यांवर वर्ग दोन बाजूंनी भांडू लागायचा. सहा महिने आपण नेमकं काय सोडून येत होतो ते तिला तेव्हा कळलं. यादीचं मॅडमनी स्वतःच केलं: सुट्टीच्या दोन शनिवारी आणि त्यानंतरच्या आठवड्यात रोज सकाळी जादा तास घेऊन त्यांनी अकराच्या अकरा नावं पंच्याहत्तरच्या वर नेली. मंचाच्या सभेला मात्र त्या आल्या नाहीत. एकदा कँटीनकडं जाताना झाडाजवळ थांबल्या, उभ्या उभ्याच दोन शेंगा खाल्ल्या, वाचनातली एक चूक दुरुस्त केली आणि निघून गेल्या.

महिन्यानं ट्रायल संपली, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण गाडी येतच राहिली. मंचात आता एकोणीस जण झाले होते आणि चादर पुरेना, म्हणून ऋतिकानं तो चुकलेल्या काठाचा पीस अंथरायला काढला. साडेपाचची गाडी कधी पाच चाळीसला यायची, कधी पावणेसहाला. पोरी गेटच्या कठड्यावर बसून तिला नावं ठेवायच्या, ड्रायव्हर वाटेत चहाला थांबला असणार म्हणायच्या, आणि वळणावर दिवे दिसले की पिशव्या सावरत उठायच्या. रूपाली सगळ्यात पुढं असे. आपली हक्काची बस उशिरा आली म्हणून तिच्यावर वैतागायला तिला मनापासून आवडायचं.